डाऊनच्या जुन्या स्लीपिंग बॅगेचं क्विल्ट करायचंय तर पिसं बाहेर काढू नका

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. तुम्ही शहाद्याचे, ओळखीतल्या एकाकडून डाऊनची जुनी ममी स्लीपिंग बॅग, म्हणजे पायाकडे निमुळती आणि डोक्याला हूड म्हणजे टोपी असलेली, स्वस्तात घेतली, लेबलवर उणे १० अंश लिहिलंय, चेन मधेच फाकते, आणि तोरणमाळला नेली तर रात्री घामाने अंग ओलं झालं. आता तुमच्या डोक्यात असं आहे की बॅग पूर्ण उसवायची, पिसं गावातल्या गादीवाल्याकडून पिंजून घ्यायची आणि त्यातून एक पांघरूण, एक बिनबाह्यांचं जाकीट आणि एक उशी करायची. मी धुळ्यात शिवणकाम करते आणि ट्रेकवाल्यांच्या बॅगा, तंबू, जाकिटं दुरुस्तीला बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे येतात, म्हणून जरा लांबच उत्तर देते, कारण हा विचार खूप जणांच्या मनात येतो आणि चांगली बॅग वाया जाते.

सगळ्यात आधी, गादीवाल्याकडे नेऊ नका. आपल्या खान्देशात कापूस घरोघरी, त्यामुळे भरलेली कुठलीही वस्तू बसली की पिंजून आणायची हे आपल्या हाताला सवयीचं आहे. कापसाचं ते बरोबरही आहे, कापसाचे तंतू लांब असतात, वापरून वापरून ते एकमेकांना चिकटून थर बसतो, पिंजलं की तंतू सुटे होतात आणि परत फुगतात. डाऊन तसं नसतं. बदक किंवा हंसाच्या छातीवरच्या मोठ्या पिसांच्या खाली जी लव असते ती म्हणजे डाऊन, तिला पिसासारखी मधली काडी नसते, एका बारीक गाठीतून चहूबाजूंनी मऊ केस निघालेले असतात, रुईची म्हातारी उडते ना, साधारण तशी. त्या केसांमध्ये हवा अडकते आणि ती अडकलेली हवाच आपल्याला ऊब देते. पिंजणीच्या तारेखाली किंवा मशीनच्या दातांत हे गेलं की केस गाठीपासून तुटतात, मग उरतो तो भुगा, तो फुगत नाही आणि वर कापडाच्या विणीतून बाहेर यायला लागतो. असं पिंजलेलं डाऊन परत जोडता येत नाही.

आता खरा प्रश्न काय आहे ते बघू. पिसांचं काय काय बनवता येईल हा तुमचा प्रश्न नाहीच, तुम्ही जिथे झोपता तिथल्या थंडीच्या मानाने बॅग जास्त गरम आहे आणि तिची चेन बिघडलीय, एवढंच आहे. म्हणून माझं सांगणं असं की पिसं आहेत त्या कप्प्यात राहू द्या आणि बॅगेचा जो भाग उपयोगाचा नाही तोच काढा, म्हणजे तिचं क्विल्ट होईल, पाठीकडून उघडं आणि अंगावरून घ्यायचं पांघरूण. बॅगेच्या आतल्या आणि बाहेरच्या कापडाच्या मधे जे पडदे शिवलेले असतात, ज्यांना बॅफल म्हणतात, ते पिसांना एका जागी धरून ठेवतात आणि हे पडदे घरी नव्याने शिवणं हेच या सगळ्यातलं सर्वात किचकट काम असतं. ते तयार मिळालंय तर मोडायचं कशाला.

कागदावर तुमचा हिशोब बसतो हे मी मान्य करते. समजा आत ५०० ग्रॅम डाऊन आहे आणि फिल पॉवर ६५० आहे, म्हणजे एक औंस, साधारण २८ ग्रॅम, डाऊन फुगून ६५० घन इंच जागा व्यापतं, तर सगळं मिळून साधारण १८८ लिटर होतं. दोन मीटर लांब आणि १३० सेंटिमीटर रुंद पांघरुणावर ते पसरलं तर सात सेंटिमीटर जाडी येते, आणि आपल्याकडच्या थंडीला चार-पाच सेंटिमीटर पुरते, म्हणजे उरलेल्यात जाकीट होईल असं वाटतं. पण जुन्या बॅगेतलं डाऊन लेबलवर लिहिलंय तेवढं फुगत नाही, काढताना-भरताना थोडं उडतं, आणि मुख्य म्हणजे नवीन कापड लागतं जे पिसं धरून ठेवेल. बाजारात पॅराशूट कापड म्हणून मिळतं त्यातलं बरंच पिसं गाळतं, आणि छत्रीचं किंवा रेनकोटचं कापड पिसं गाळत नाही पण त्याला आतून लेप असतो, त्यात अंगातली वाफ अडकते आणि तुम्ही परत घामाने ओले. कापड पाहायची साधी युक्ती म्हणजे तोंडाला लावून फुंकायचं, हवा अजिबात जात नसेल तर लेप आहे, सहज जात असेल तर पिसं गळणार, जोर लावून थोडी जात असेल तर चालेल. असं कापड आपल्या भागात दुकानात शोधून सापडणं अवघडच.

काही गोष्टी मात्र तुमच्यावर अवलंबून आहेत. वर्षातून एकदा तरी हिमालयात जाणार असाल तर ही बॅग कापूच नका, फक्त चेन नीट करा. चेन मधेच फाकते म्हणजे बहुतेक वेळा दाते चांगलेच असतात, रनर सैल झालेला असतो. रनरच्या मागे बारीक आकडा असतो, ५ किंवा ८ वगैरे, त्याच मापाचा आणि त्याच जातीच्या दात्यांचा रनर चेन-बटणाच्या दुकानात थोड्या पैशात मिळतो, खालचा अडसर उसवून बदलून टाकायचा. पण फिरणं सातपुड्यातच असेल, तोरणमाळ, पाल, मनुदेवी, दिवाळीत अस्तंब्याची यात्रा, सातपुड्याबाहेर फार तर पाटणादेवी, तर क्विल्ट करणंच योग्य.

लेबलचंही सांगते. त्यावर बहुतेक तीन आकडे असतात, कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. युरोपचं ईएन १३५३७ नावाचं मानक २००२ मध्ये आलं, आता त्याच्या जागी आयएसओ २३५३७ आहे, त्यात हे ठरवलंय. कम्फर्ट म्हणजे साधारण बाई आरामात झोपेल ते तापमान, लिमिट म्हणजे साधारण पुरुष अंग आखडून रात्र काढेल ते, आणि एक्स्ट्रीम म्हणजे झोप नाही, फक्त जीव वाचेल, तोही धोक्यात. तुमचं उणे १० जर एक्स्ट्रीम असेल तर बॅग तुम्हाला वाटते तेवढी जाड नाही. म्हणून आकड्यावर जाऊ नका, लॉफ्ट म्हणजे फुगलेली जाडी मोजा. बॅग झटकून जमिनीवर दोन तास मोकळी पसरा, मग छातीच्या जागी जमिनीपासून वरच्या कापडापर्यंत पट्टीने उंची घ्या आणि निम्मी करा, ती एका थराची जाडी. माझा ठोकताळा असा आहे की एका थराला चार सेंटिमीटर असतील तर पाच अंशापर्यंत चांगली झोप लागते, पाच असतील तर शून्यापर्यंत, सहाच्या वर असेल तर आपल्याकडे कुठेच कमी पडणार नाही. माणसागणिक यात फरक पडतो, ज्यांना मुळातच थंडी जास्त वाजते त्यांनी एक सेंटिमीटर जास्त धरावा.

आपल्याकडची थंडी कमी समजू नका हेही सांगते. तोरणमाळ साधारण १,१५० मीटरवर आहे आणि खालचं नंदुरबार दोनशेच्या आसपास, दर हजार मीटरला साडेसहा अंश धरले तरी सहा अंशाचा फरक पडतो, आणि लाट आली की डाब, तोरणमाळ भागात दव गोठल्याच्या बातम्या येतात. तुम्ही घामाने भिजलात ती रात्र कदाचित दहा-बारा अंशाची असेल. चेन लावून, हूड ओढून आत बसलं की अंगाच्या उष्णतेला बाहेर निघायला वावच राहत नाही. क्विल्टमध्ये तेवढीच ऊब ठेवून मोकळं राहता येतं, उकडलं की एक बाजू सरकवली, पाय बाहेर काढला, पहाटे गारठलं की कडा अंगाखाली दाबल्या.

आणि क्विल्टमागचा विचार असा की पाठीखालची पिसं तुमच्या वजनाने दबतात, दबली की हवा निघून जाते, मग तो थर नुसतं ओझं होतो. जमिनीची थंडी अडवायचं काम मॅटचं आहे, ते तिलाच करू द्या. आर-व्हॅल्यू, म्हणजे थंडी अडवायच्या क्षमतेचा आकडा, २ च्या आसपास असलेली साधी फोमची घडीची मॅट आपल्याकडे पुरते.

तर आता काम. पहिल्यांदा धुवा, कापायच्या आधी, कारण जुन्या बॅगेत घाम आणि अंगाचं तेल गेलेलं असतं, त्याने पिसं चिकटून गोळे होतात, आणि धुतल्यावरच कळतं किती फुगते ते. मोठ्या टबात कोमट पाणी, डाऊनचा साबण मिळाला तर उत्तम नाहीतर अगदी सौम्य साबण थोडा, कपडे मऊ करायचं लिक्विड चुकूनही नाही. उलटी करून पायाने हळू दाबायची, पिळायची नाही. सगळ्यात जपायचं ते उचलताना, ओल्या डाऊनचं वजन भयंकर होतं, एका टोकाला धरून उचललं की आतले पडदे फाटतात आणि मग सगळी पिसं एका जागी जमतात. खाली दोन्ही हात घालून, बाळाला उचलतात तसं उचला. खळखळून साबण निघेपर्यंत पाणी बदला.

वाळवायला आपला एप्रिल-मे सोन्यासारखा आहे. हवा कोरडी, पारा ४२ च्या वर, सावलीतसुद्धा वाळतं. उन्हात टाकू नका, नायलॉन उन्हाने कमजोर होतं. खाटेवर चादर टाकून त्यावर पसरायची, दर दोन-तीन तासांनी उलटायची आणि बोटांनी कप्प्यातले गोळे चाचपून सोडवायचे. वरून वाळल्यासारखी वाटते पण मधे गोळा ओला असतो, म्हणून मी दोन दिवस जास्तीचेच धरते. वाळल्यावर कुबट वास राहिला तर अजून वाळलेली नाही. पूर्ण वाळून, गोळे सुटूनसुद्धा बॅग फुगलीच नाही तर डाऊन मेलेलं आहे, त्यावर मेहनत घेऊ नका. आणि हाताला काड्या काड्या लागत असतील तर आत लव कमी आणि साधी पिसं जास्त आहेत, ती ऊब देतात पण जड, त्याचं घरात वापरायचं पांघरूण करा.

मग बॅफल बघा, यावर पुढचं सगळं ठरतं. बॅग उजेडासमोर धरा. आडवे कप्पे पोटाकडून पाठीकडे सलग फिरतात की बाजूला एक उभा पडदा त्यांना अडवतो? बऱ्याच बॅगांमध्ये वरच्या बाजूला जास्त पिसं आणि पाठीकडे कमी भरलेली असतात. कप्पे सलग असतील तर बॅग आडवी धरून हलक्या हाताने थापट्या मारत पाठीची पिसं पोटाकडे सरकवता येतात. उभा पडदा असेल तर सरकणार नाहीत, मग बॅग अरुंद करायला जो पट्टा कापून काढायचा तो पाठीच्या बाजूनेच काढायचा, म्हणजे जाड भाग तुमच्या अंगावर मधोमध येतो.

माप असं घ्या. ममी बॅगेचा खांद्याजवळचा घेर साधारण १५५ ते १६५ सेंटिमीटर असतो आणि क्विल्टला तिथे १३० ते १३५ पुरतात, पायाकडे शंभरच्या आसपास. म्हणजे चेनच्या कडेने पाठीच्या बाजूचा पंचवीस-तीस सेंटिमीटरचा पट्टा आणि हूड एवढंच निघणार. म्हणूनच एका ममी बॅगेतून पांघरूण, जाकीट आणि उशी होत नाही. कूस बदलत झोपत असाल तर पट्टा अरुंदच काढा. लांबी तुमच्या उंचीपेक्षा वीसेक सेंटिमीटर जास्त राहू द्या, हनुवटीपर्यंत यायला पाहिजे आणि पायाकडे ताण नको. पायाकडचा गुडघ्यापर्यंतचा भाग कापायचाच नाही, तो पिशवीसारखा बंद राहू द्या, तिथली चेन काढून दोन्ही कडा एकमेकींना शिवून टाका.

आता जिथे सगळे घाबरतात ते, भरलेल्या कप्प्यावरून कापणं. खोलीतला पंखा बंद, खिडक्या बंद, म्हणून हे काम मे महिन्यात करू नका, दिवाळीनंतर सकाळी करा. कापायची रेघ खडूने आखली की त्या रेघेवरची पिसं दोन्ही बाजूंना सारायची. एक बोट कापडावरून दाबत न्यायचं आणि दुसऱ्या हाताच्या नखाने कापडावर बारीक टिचक्या मारायच्या, पिसं उडी मारून बाजूला होतात. दोन कापडं एकमेकांना टेकली, मधे काही उरलं नाही, हे उजेडात धरून बघायचं. मग ती जागा कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी धरायची, टाचण्या लावायच्या नाहीत, प्रत्येक टाचणीचं भोक म्हणजे पिसाला दार. आता रेघेच्या दोन्ही बाजूंनी, मधे एक सेंटिमीटर सोडून, दोन समांतर शिलाया मारायच्या. नऊ किंवा अकरा नंबरची नवीन सुई, पॉलिस्टरचा दोरा, टाका तीन मिलिमीटरचा, त्याहून बारीक टाका मारला तर भोकं जास्त पडून कापड रेघेवर फाटतं. पायमशीनवर छान होतं, उलट हळू चालवता येतं. कापड सटकत असेल तर खाली वर्तमानपत्राची पट्टी घ्या, नंतर फाडून काढा. दोन्ही शिलाया पूर्ण झाल्यावरच, आणि त्यांच्या बरोबर मधून, कात्री चालवायची. नीट केलं तर एक पीससुद्धा उडत नाही. मग कडेवर फीत दुमडून बसवा, म्हणजे नायलॉनचे धागे निघणार नाहीत.

चेन काढतानाही हाच क्रम. आधी चेनच्या आतल्या बाजूने नवीन शिलाई मारून कप्पा बंद करा, मग जुनी उसवा. खूप जण आधी चेन उसवतात आणि तिथूनच पिसांचा लोट बाहेर येतो, कारण ती शिलाईच कप्प्याचं तोंड बंद ठेवत असते. चेनच्या मागे जी जाडसर नळी असते ती अख्खीच सुटते, तिच्यातही डाऊन असतं, ती ठेवा, मानेला गुंडाळायला मस्त होते.

गळ्याच्या कडेला एक बारीक दोरी ओवायची नळी करा, वर एक टिचबटण, आणि मॅटखालून जायला कडेला रुंद इलॅस्टिकचे दोन पट्टे, एक छातीच्या जागी आणि एक कंबरेच्या खाली. पट्टे क्विल्टच्या फितीवरच शिवायचे, कप्प्यावर नाही.

इथे एक कळकळीने सांगते. तयार झाल्यावर घरातलं कोणीतरी म्हणणारच की पिसं इकडेतिकडे होतील, वरून धावदोरा घालून टाक. गोधडीला टाके जवळजवळ घातले की ती टिकते हे खरं, पण इथे प्रत्येक आरपार टाक्यापाशी जाडी शून्य होते आणि त्या रेघेतून थंडी आत येते. पडदे आहेत, ते त्यांचं काम करतात. वरून एकही टाका घालू नका.

उरलेल्या पट्ट्यातून तंबूत घालायचे पायमोजे करा, त्याला चार तुकडे लागतात आणि कापायची पद्धत वर सांगितली तीच. हूड अख्खं ठेवा, कापलेल्या कडेला फीत लावा, पुढे दोरी ओवलेलीच असते, क्विल्टमध्ये डोकं उघडं राहतं तिथे तेच टोपी म्हणून वापरायचं. जाकिटाचा नाद सोडा, त्याला बाह्यांच्या घेराचे, खांद्याचे आकार भरलेल्या कप्प्यातून कापावे लागतात आणि आडवे कप्पे खांद्यावर नीट बसत नाहीत. उशीला जुना टीशर्ट पिशवीत कोंबला तरी चालतो, त्यासाठी डाऊन खर्च करू नका.

वापरताना एखादं पीस कापडातून टोक काढून आलं तर ओढू नका, त्याच्यामागे दुसरी येतात आणि भोक मोठं होतं. पाठीमागून चिमटीत धरून आत खेचा आणि कापड चोळा. तोरणमाळला यशवंत तलावाच्या अगदी काठावर तंबू लावायचा मोह होतो पण तिथे दव भरपूर पडतं आणि ओलं डाऊन ऊब देत नाही, जरा वर झाडाखाली लावा. शेकोटीजवळ क्विल्ट घेऊन बसू नका, सागाच्या काटक्या तडतडल्या की ठिणगी उडते आणि पातळ नायलॉनला क्षणात भोक पडतं. घरी आल्यावर दाबून पिशवीत भरून ठेवू नका, मोठ्या सुती पिशवीत किंवा जुन्या उशीच्या दोन खोळी जोडून त्यात सैल ठेवा, पावसाळ्यात कपाटाच्या वरच्या कप्प्यात.

कात्री लावायच्या आधी एवढं करा, धुवून वाळवा, छातीपाशी लॉफ्ट मोजा, आणि उजेडासमोर धरून बाजूला उभा पडदा आहे की नाही ते बघा. हे तिन्ही आणि तुमची उंची कळवा, म्हणजे पट्टा किती रुंद आणि कुठून काढायचा ते मी तुम्हाला नेमकं सांगते.